सहावी सप्तमी

विभक्ती हा प्रकार आम्ही शाळेत शिकलो असं म्हणण्यापेक्षा, म्हटला असं म्हणणं जास्त खरं. 'द्वितीया स-ला-ते, तृतीया ने-ए-शी' असा तो एकसुरात म्हणायचा मंत्र होता, आणि त्याचा शेवट जवळ आला की वर्गात चैतन्य येई. सप्तमी आली म्हणजे सुटलो! 'त-ई-आ' असा एक छोटा आलाप, मग संबोधनाचा 'नो', आणि मग घंटा. या 'त-ई-आ'चा आपल्या पुढच्या संसाराशी काही संबंध असेल अशी शंकासुद्धा त्या वयात कुणाला येत नाही. पुढे हळूहळू ध्यानात येतं की माणसाचं सगळं आयुष्य या तीन अक्षरांत जातं. माणूस घरात असतो, रांगेत असतो, कर्जात असतो, विचारात असतो; रात्री झोपेत असतो आणि दिवसा कचेरीत, म्हणजे बहुधा पुन्हा झोपेतच असतो. प्रथमेत माणूस नुसता 'असतो'. तो कुठे आहे, हे सांगायचं काम सप्तमी करते. आणि 'कुठे' हा प्रश्न 'कोण' या प्रश्नापेक्षा पुष्कळदा अधिक अडचणीचा असतो, हे उशिरा घरी येणाऱ्या कुठल्याही गृहस्थाला विचारावं.

ही सप्तमी मला पुन्हा भेटली ती पोलिश भाषेत. आता मराठी माणसाने पोलिशच्या वाटेला का जावं, असं कुणीही विचारील. आमच्या घरी तर विचारलंच. शिवाय त्याआधी विजेच्या बिलाच्या वाटेला जाण्याची सूचनाही झाली. पण मराठी माणसाचा आणि पोलिशचा संबंध वाटतो तितका लांबचा नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. तिथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. ती कशी आली ते पुढे सांगतो. मला प्रश्न पडला तो एवढाच, की 'आम्ही कोल्हापुरात राहतो' हे ती माणसं आपापसांत कसं म्हणत असतील? असल्या प्रश्नांनी पोट भरत नाही हे मला मान्य आहे. पण या एका प्रश्नापायी एक जाडजूड पोलिश व्याकरण आमच्या घरात आलं, आणि बिलाच्या वर जाऊन बसलं.

पोलिशमध्ये विभक्त्या सात. त्यांच्या शाळेतली पोरंही त्या ठरलेल्या क्रमानेच म्हणतात, आणि त्या क्रमात आपल्या सप्तमीचा नंबर सहावा लागतो. सातवं संबोधन. तिचं नाव 'म्येयस्त्सोव्निक'. 'म्येयस्त्से' म्हणजे जागा, आणि जागेची ती म्येयस्त्सोव्निक. हा शब्द न अडखळता म्हणता आला की निम्मं पोलिश आलं असं समजायला हरकत नाही. उरलेलं निम्मं याहून अवघड आहे एवढंच.

पण सप्तमी सहावी कशी झाली? तर संस्कृतात आणि पोलिशमध्ये जे दूरचं नातं आहे, त्यात मूळच्या विभक्त्या संबोधन धरून आठ. स्लाव्ह लोकांच्या घरात पुढे पंचमी आणि षष्ठी यांचं एकत्र कुटुंब झालं. गंमत अशी की नाव षष्ठीचं राहिलं आणि पुष्कळ ठिकाणी रूप पंचमीचं वापरात राहिलं. म्हणजे घराच्या पाटीवर नाव थोरल्याचं आणि व्यवहार सगळा धाकट्याचा. एक खोली अशी कमी झाल्यावर सप्तमीचा बिऱ्हाड-क्रमांक बदलला. बाई तीच.

पोलिशचं पहिलं व्याकरण छापलं गेलं ते १५६८ साली. ते लिहिणारा पेत्रुस स्तातोरियुस हा फ्रेंच गृहस्थ, आणि त्याने ते लिहिलं लॅटिनमध्ये. हे ऐकून हसण्याचं आपल्याला कारण नाही. मराठीचं छापील व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपुरी विल्यम केरीने काढलं, आणि आपले दादोबा पांडुरंग त्यानंतर एकतीस वर्षांनी, १८३६ साली पुढे आले. आपल्या घराला खोल्या किती, हे पाहुण्याने मोजून सांगितल्याशिवाय घरच्यांना कळत नाही. घरच्यांना कुठल्या खोलीत काय ठेवलं आहे ते अंधारातही सापडतं, म्हणून ते मोजायला जात नाहीत.

तर अशा या घरात मी शिरलो आणि पहिल्याच पायरीवर ठेचकाळलो. ज्या शहराला आपण क्राकोव म्हणतो त्याचा पोलिश उच्चार 'क्राकुफ'. पण क्राकुफमध्ये जाऊन राहायचं म्हटलं की ते होतं 'फ क्राकोव्ये'. वुच नावाचं एक मोठं गिरण्यांचं शहर आहे. लिहिताना ते लोक 'लोज' असं काहीसं लिहितात आणि वाचताना 'वुच' वाचतात. त्यात राहणारा माणूस मात्र राहतो 'व वोजी'. 'लास' म्हणजे जंगल. जंगलात म्हणजे 'व लेशे'. 'म्यास्तो' म्हणजे शहर. शहरात म्हणजे 'व म्येश्चे'. 'रेंका' म्हणजे हात. हातात म्हणजे 'व रेंत्से'. एखाद्या माणसाला घरात बोलवावं आणि उंबरा ओलांडताच त्याने नाव, चेहरा आणि मिशी तिन्ही बदलावी, असा हा प्रकार. पत्त्यावर लिहिलेलं गाव एक आणि आपण उतरलो ते दुसरं, असं वाटून परका माणूस स्टेशनवरच बसून राहायचा.

परक्याने गोंधळावं, मराठी माणसाने नाही. आपण काय कमी करतो? आपला घसा बसतो, पण औषध लावायचं ते 'घशात'. 'आरसा' भिंतीवर, आणि चेहरा 'आरशात'. 'स' गेला कुठे आणि 'श' आला कुठून, हे आपण कधी विचारलं नाही. पोलिशचं 'लास–लेशे' आणि आपलं 'घसा–घशात' यांतलं कारण एकच आहे. पुढे येणाऱ्या 'ए'साठी किंवा 'य'साठी जीभ आधीच टाळूकडे उचलली जाते, आणि 'स' म्हणता म्हणता 'श' होऊन बसतो. जिभेचा हा आळस जगात सगळीकडे सारखाच आहे. व्याकरणकार नंतर येतात आणि त्याला नियम म्हणतात.

इथपर्यंत मजा होती. पुढे व्याकरणाच्या इतिहासात शिरल्यावर जे कळलं त्याने मी जरा गंभीर झालो. मी समजत होतो की मूळ शब्द 'लास', आणि सप्तमीने त्याचं 'लेशे' करून त्याची मोडतोड केली. प्रत्यक्षात उलटं आहे. जंगलाला जुना स्लाव्ह शब्द 'लेस'. चेक आणि रशियन लोक आजही तसंच म्हणतात. पोलिशमध्ये कठोर व्यंजनापुढच्या त्या 'ए'चा 'आ' झाला, म्हणून प्रथमेत लास आला. सप्तमीत मात्र पुढचं व्यंजन मऊ पडलेलं होतं, म्हणून तिथे जुना 'ए' सुखरूप राहिला. क्राकुफचंही तेच. तिथे मूळचा 'ओ' होता. शब्दाच्या शेवटचा आखूड स्वर झडला, 'ओ' आधी लांबला आणि मग हळूहळू 'उ'कडे घसरला. 'क्राकोव्ये' म्हणणाऱ्या सप्तमीत तो जुना 'ओ' जागच्या जागी आहे. वुच बदललं, 'वोजी'मधला 'ओ' बदलला नाही.

म्हणजे बदलली ती प्रथमा! दारावरची पाटी, पासपोर्टावरचं नाव, नकाशावर छापलेला शब्द; ते सगळं काळाने बदललं. आणि 'आत' जे होतं ते जुनं राहिलं. आपल्याकडेही 'देऊळ' म्हटलं तर देव ऐकू येत नाही, 'देवळात' म्हटलं की येतो. (यावर भाषाशास्त्रज्ञांनी मला पत्रं पाठवू नयेत. ही व्युत्पत्ती नव्हे, कानाचा दाखला आहे.)

जुनं म्हणजे किती जुनं? रामरक्षेत एक श्लोक आहे, ज्यात रामाच्या सगळ्या विभक्त्या ओळीने येतात. लहानपणी तो आपण भीतीपोटी म्हणतो आणि मोठेपणी संस्कृतच्या मार्कांपोटी. त्यातली सप्तमी 'रामे'. आता पोलिश सप्तमीतला 'ए' घ्या, 'लेशे'तला, 'क्राकोव्ये'तला. तो आणि 'रामे', 'वने' यांतला 'ए' हे एकाच पूर्वजाचे वंशज. पोलिशमध्ये सप्तमीचा दुसरा एक प्रत्यय 'उ' आहे. 'सिन' म्हणजे मुलगा आणि 'ओ सिनु' म्हणजे मुलाविषयी. 'सिन' म्हणजे संस्कृतातला 'सूनु', आणि सूनूची सप्तमी 'सूनौ'. गुरूची जशी 'गुरौ'. घराला 'दोम' म्हणतात आणि 'घरात'ला 'व दोमु', तेही याच घराण्यातलं. मुलगा आणि घर, या दोन शब्दांपाशी हा 'उ' घट्ट बसून राहिला. आणखीही काही शब्द आहेत, पण या दोघांची नावं ऐकून मला बरं वाटलं. त्यापुढे तो 'उ' इतका माजला की ग्दान्स्क, पोझनान अशी शहरंच्या शहरं त्याने घेतली, ती गोष्ट निराळी.

आणि अनेकवचन? संस्कृतात 'रामेषु'. स्लाव्ह भाषांत त्या 'षु'चा घासत घासत 'ख' झाला, आणि 'एषु'च्या जागी 'एख' आला. आजच्या पोलिशने त्या जागी सर्वत्र 'आख' आणला आहे, पण तीन देशांच्या बाबतीत मात्र तिला जुन्याचा मोह सुटला नाही: जर्मनी, हंगेरी आणि इटली. 'व न्येमचेख', 'ना वेंग्झेख', 'वे व्वोशेख'. ही देशांची नावं नव्हेतच, लोकांची आहेत. न्येमत्सी म्हणजे जर्मन लोक. त्यांच्यात म्हणजे जर्मनीत. त्यातही 'न्येमी' म्हणजे मुका. आपली भाषा ज्याला येत नाही तो मुका, असा सरळ हिशेब. आपल्या पूर्वजांनी अस्पष्ट बोलणाऱ्याला म्लेच्छ म्हटलं, त्यातलाच. आणि लोकांच्या नावाने देश ओळखायचा, तोही अनेकवचनात, ही रीतसुद्धा आपल्याला नवी नाही. संस्कृतात अंग, वंग, कलिंग हे सगळे देश बहुवचनी. विदर्भात म्हणायचं तर 'विदर्भेषु'! म्हणजे पोलिश माणूस हंगेरीत 'वेंग्झेख' असतो आणि कालिदासाच्या काळचा माणूस 'विदर्भेषु' असतो, तेव्हा दोघे एकाच विभक्तीच्या एकाच वचनात बसलेले असतात. आमच्या एका नागपूरकर स्नेह्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बहुवचन बरोबरच आहे. आदरार्थी असेल."

एवढी पुराणी, खानदानी विभक्ती, पण तिची एक अडचण आहे. ती एकटी घराबाहेर पडत नाही. फार पूर्वी पडायची. जुन्या स्लाव्ह लिखाणात नुसतं 'कियेवे' म्हटलं की कीव्हमध्ये असा अर्थ होई. आपण 'घरी', 'गावी', 'सकाळी' म्हणतो तसं सुटसुटीत. पुढे जुन्या वळणाच्या मुलीबरोबर धाकटा भाऊ पाठवावा तशी तिच्याबरोबर नेहमी कुणीतरी सोबत लागू लागली. पोलिशमध्ये या सोबतीण मुख्यतः पाच: 'व' म्हणजे आत, 'ना' म्हणजे वर, 'ओ' म्हणजे विषयी, 'पो' म्हणजे नंतर, आणि 'प्शि' म्हणजे जवळ. या नामाच्या आधी चालतात आणि त्यांच्यापैकी कुणी पुढे असल्याशिवाय सप्तमी दिसत नाही. रशियनांनी तर तिचं नावच बदललं. लोमोनोसोव्हने १७५५ च्या आपल्या व्याकरणात तिला सोबतिणीच्याच नावाने, म्हणजे नामापुढच्या अव्ययाची विभक्ती म्हणून नोंदवलं, आणि तेच नाव रूढ झालं. चेक लोक तिला 'लोकाल' म्हणतात. त्यांच्या भाषेत बिअर प्यायच्या जागेलाही लोकालच म्हणतात. 'कुठे होतास?' या प्रश्नाचं उत्तर आणि त्या विभक्तीचं नाव एकच असणं, ही सोय इतर कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही. पोलिशांनी मात्र जागेचं नाव सोडलं नाही. म्येयस्त्सोव्निक ती म्येयस्त्सोव्निकच.

या सोबतिणींपैकी 'व' आणि 'ना' या दोघींचा स्वभाव चमत्कारिक आहे. त्या दुसऱ्या विभक्तीबरोबरही जातात. वस्तू टेबलावर ठेवायची असेल तर 'ना स्तूव', ती द्वितीया. ठेवून झाली, आता टेबलावर आहे, तर 'ना स्तोले', ही सप्तमी. 'वनं गच्छति' आणि 'वने वसति' यांत जो फरक तोच. चाललेला माणूस द्वितीयेत, पोचून टेकलेला माणूस सप्तमीत. आपल्या मराठीत 'टेबलावर ठेव' आणि 'टेबलावर आहे' दोन्ही सारखंच. आपल्याला घाई नसते.

आणि 'आत' म्हणायचं की 'वर', हे कुठल्या जागेला कसं लावायचं? पोस्टात असलेला पोलिश माणूस 'पोस्टावर' असतो, स्टेशनात असलेला स्टेशनवर, पण शाळेत मात्र शाळेतच. याला नियम विचारू नये. आपणसुद्धा कोकणात राहतो आणि देशावर राहतो. घाटावर जातो आणि खानदेशात जातो. 'कोकणावर' म्हणून पाहा, लगेच परके ठरता. पोलंडमध्ये मध्य व्हिस्तुलाकाठचा माझोव्शे प्रांत 'ना', सिलेसिया 'ना', पण व्येल्कोपोल्स्का आणि मावोपोल्स्का हे दोन मोठे प्रांत 'व'. वॉर्साच्या समोर, व्हिस्तुला नदीच्या पलीकडच्या काठावर प्रागा नावाचा भाग आहे. तिथे राहणारा 'ना प्राद्झे' राहतो. आणि 'फ प्राद्झे' म्हटलं तर माणूस थेट चेक लोकांच्या राजधानीत, प्राग शहरात जाऊन पडतो. एका अव्ययात सरहद्द ओलांडते.

या 'ना प्राद्झे'ला रक्ताचा वास आहे. ४ नोव्हेंबर १७९४ रोजी रशियन सेनापती सुवोरोव्हचं सैन्य प्रागामध्ये घुसलं आणि हजारो नागरिकांची कत्तल झाली. वर्षभरात पोलंड संपला. पुन्हा १९४४ साली, १ ऑगस्टला वॉर्सा जर्मनांविरुद्ध उठलं. सप्टेंबरच्या मध्यावर सोव्हिएत सैन्य प्रागापर्यंत पोचलं आणि तिथेच राहिलं. नदीच्या या काठावर शहर जळत होतं, ६३ दिवस झुंजून २ ऑक्टोबरला ते शरण गेलं. पलीकडचं सैन्य 'ना प्राद्झे' होतं. सप्तमी ही स्वस्थ बसलेल्यांची विभक्ती आहे, हे मी वर म्हटलंच.

परदेशांच्या बाबतीत तर हे 'व' आणि 'ना' इतिहासाची वहीच आहे. जर्मनी, रशिया, फ्रान्स हे 'व'. पण लिथुएनिया, बेलारूस, युक्रेन, हंगेरी, स्लोव्हाकिया हे 'ना'. शेजारचे, जुन्या येण्याजाण्यातले, आणि त्यांतले काही तर शतकानुशतकं एकाच राज्यात नांदलेले प्रदेश 'ना'. आपण जसं 'देशावर' म्हणतो तसं. पोलिश माणसाला त्यात जवळीक वाटे. पण ज्याच्याविषयी बोलायचं त्याला काय वाटतं? युक्रेनी माणसाला वाटे, की हा माझ्या देशाला देश म्हणत नाही, मुलूख म्हणतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर मोठं आक्रमण केलं, लाखो युक्रेनी बायका-मुलं पोलंडमध्ये आली, आणि त्याच वर्षी पोलिश भाषेच्या परिषदेने सल्ला दिला: 'ना' चूक नाही, पण यापुढे 'व उक्राइन्ये' म्हणावं. बॉम्ब पडत असताना अव्ययाची काय चर्चा करता, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. शेजाऱ्याला आपण आपला ओटा समजतो की स्वतंत्र घर समजतो, हे अव्ययातच कळतं. आणि हे पोलिशांना कळायलाच हवं होतं. कारण एके काळी त्यांचं स्वतःचंच घर नाहीसं झालं होतं.

ती हकीकत अशी. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला. पहिल्या वाटणीनंतर पोलिशांनी काय केलं? १७७३ साली शिक्षण आयोग नेमला, आणि त्या आयोगाच्या शाळांसाठी ओनुफ्री कोप्चिन्स्की या पाद्र्याने १७७८ पासून पोलिशचं व्याकरण लिहून छापायला घेतलं. घराच्या भिंती पडत असताना घरच्या माणसाने अखेर खोल्या मोजायला घेतल्या. घर पुरतं गेल्यावर, १८०७ ते १८१४ या काळात सामुएल लिंदेचा सहा खंडांचा पोलिश शब्दकोश निघाला. जमीन गेली तेव्हा त्यांनी शब्दांची मोजणी केली आणि सातबारा लिहून ठेवला.

तिन्ही वाटेकऱ्यांनी १७९७ साली आपापसांत असंही ठरवलं, की पोलंडच्या राज्याची आठवण करून देणारं नावसुद्धा यापुढे राहू द्यायचं नाही. म्हणजे त्यांनी प्रथमा खोडली. मधे १८१५ साली झारच्या ताब्यातल्या एका तुकड्याला ते नाव परत मिळालं, पण १८६३ च्या उठावानंतर तेही पुसट होत गेलं आणि रशियन कागदोपत्री 'व्हिस्तुलाकाठचा मुलूख' एवढंच राहिलं. १८९६ साली पॅरिसला आल्फ्रेद जारी या नाटककाराने पडदा उघडण्यापूर्वी प्रेक्षकांना सांगितलं, की आमचं नाटक घडतं पोलंडमध्ये, म्हणजेच कुठेही नाही. प्रेक्षकांना हे सांगायला सोपं होतं. पण त्या 'कुठेही नाही'मध्ये लक्षावधी लोक रोज सकाळी उठून चूल पेटवीत होते, आणि विचारलं तर 'आम्ही फ पोल्स्त्से', पोलंडमध्ये, राहतो असं म्हणत होते. नकाशावर प्रथमा नव्हती, बोलण्यात सप्तमी होती.

ती राखायला त्यांना किंमत पडली. वॉर्सात शाळा रशियनमधून चालत, म्हणून १८८० च्या दशकात पोलिश मुलींसाठी चोरून वर्ग भरू लागले. पोलिसांना सापडू नयेत म्हणून आज या घरात, उद्या त्या घरात. लोक त्याला उडतं विद्यापीठ म्हणत. त्यात मारिया स्क्वोदोव्स्का नावाची एक मुलगी शिकली. पुढे १८९८ साली नवं मूलद्रव्य सापडलं तेव्हा या मादाम क्यूरींनी त्याला पोलोनियम हे नाव दिलं. नकाशावर जागा मिळत नव्हती, तर बाईंनी देश मूलद्रव्यांच्या यादीत बसवला. प्रशियाच्या वाट्यातल्या व्झेश्न्या गावी १९०१ साली शाळकरी पोरांनी जर्मनमधून धर्माचे धडे म्हणायला नकार दिला आणि छड्या खाल्ल्या. आम्ही विभक्त्या न म्हटल्याबद्दल छड्या खाल्ल्या होत्या. आपल्या भाषेत म्हणू द्या म्हणून छड्या खाणारी पोरं निराळ्याच मातीची. १९१८ साली, १२३ वर्षांनी, पोलंड पुन्हा नकाशावर आला. प्रथमेला परत यायला जागा होती, कारण सप्तमीने ती धरून ठेवली होती. गाडीत रुमाल टाकून धरतात तशी.

एकवीस वर्षांत, १९३९ साली, हिटलर आणि स्टालिन यांनी तो पुन्हा वाटून घेतला. पूर्वेकडच्या भागातून १९४० पासून सोव्हिएत पोलिसांनी कुटुंबंच्या कुटुंबं आगगाड्यांत भरून पाठवली. कुठे? 'ना सिबेर्ये', सैबेरियाकडे, ही द्वितीया. आणि मग ती राहिली 'ना सिबेर्यी', सैबेरियात, ही सप्तमी. दोहोंत शेवटच्या एका स्वराचा फरक. त्या एका स्वरात महिनाभराचा प्रवास, थंडी, आणि वाटेत गेलेली माणसं आहेत. १९४१ च्या जुलैत पोलंडच्या परागंदा सरकारचा सोव्हिएत सरकारशी करार झाला, लोक सुटले, १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. काही मुलं जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांच्या आसऱ्याला आली. आणि सुमारे पाच हजार, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला आली. तिथे त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभारलं, दवाखाना चालवला, स्काउटच्या कवायती केल्या. आणि अर्थातच मुलांना विभक्त्या शिकवल्या.

आता माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर. 'कोल्हापूर' हे नाव व्यंजनान्त, शेवटी 'र'. पोलिश नियमाप्रमाणे 'ए'पुढे 'र'चा 'झ' होतो. म्हणजे कोल्हापुरात राहणं हे झालं 'फ कोल्हापुझे'. रंकाळा, तालमी आणि अंबाबाई यांच्यासह सबंध कोल्हापूर त्या 'झे'त जाऊन बसलं, क्राकुफच्या आणि वॉर्साच्या शेजारी. परक्या गावाला आपल्या विभक्तीत घेणं म्हणजे त्याला आपलं करणं. बिचाऱ्या वळिवड्याला तेही जमलं नाही. 'ए'कारान्त असल्यामुळे ते पोलिशमध्ये चालत नाही, जसंच्या तसं राहतं. आणि भारताचं काय? पोलिशमध्ये भारत अनेकवचनी आहे: 'इंद्ये'. भारतात म्हणजे 'व इंद्याख'. शेवटचा 'आख' ऐका. संस्कृतात आपण 'शालासु', 'मालासु' म्हणतो, त्यातल्या 'आसु'चा हा सख्खा चुलतभाऊ. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन प्रत्यय असे पंचगंगेच्या काठी शेजारी राहायला आले, आणि कुणीच कुणाला ओळखलं नाही.

'पो वोयन्ये' म्हणजे युद्धानंतर. हीदेखील सप्तमीच, 'पो'च्या सोबतीने येणारी. वळिवड्यातल्या माणसांच्या तोंडी ती पाच वर्षं सतत असली पाहिजे: युद्धानंतर घरी जाऊ. युद्ध संपलं तेव्हा पुष्कळांची गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली होती. घर होतं, त्याची 'व दोमु' ही जागा गेली होती. १९४८ पर्यंत वसाहत उठली. कुणी पोलंडला गेले, कुणी इंग्लंडला, कुणी आणखी लांब.

त्यांतल्या काहींनी पुढे एक मंडळ काढलं आणि २००० साली लंडनमध्ये आपल्या आठवणींचा जाड पोलिश ग्रंथ छापला. त्याच्या नावाचा अर्थ असा: 'भारतातले पोलिश लोक, १९४२–१९४८, कागदपत्रांच्या आणि आठवणींच्या प्रकाशात'. या नावात दोन सप्तम्या आहेत. एक 'व इंद्याख', भारतात. दुसरी 'फ श्फ्येत्ले', प्रकाशात. प्रकाशाला आजच्या पोलिशमध्ये 'श्फ्यात्वो' म्हणतात. प्रथमेत आलेला हा 'आ' लासमधल्यासारखाच मागाहूनचा. जुना 'ए' उरला आहे तो फक्त 'श्फ्येत्ले'मध्ये, प्रकाशात.